आपले प्रश्न : आकाशवाणी, पेटी आणि रागांच्या वेळा

आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीताविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या दोन पत्रांतील विषय मोठे असल्यामुळे त्यांना अधिक जागा दिली आहे.

माझे आजोबा आधी नाटक मंडळीत आणि पुढे गवयांच्या मैफलीत पेटीची साथ करीत असत. रेडिओवर मात्र त्यांना कधीही वाजवायला मिळाले नाही, असे वडील सांगतात. पेटीला खरोखरच मनाई होती का? असल्यास ती कोणी आणि का केली? (एक वाचक, मिरज)

मनाई होती, आणि ती जवळजवळ तीस वर्षे टिकली. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या केंद्रांवर हार्मोनियम वाजवणे बंद करण्यात आले. त्या वेळी रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन हे होते. दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्येच या वाद्याविरुद्ध लेख लिहिला होता, आणि जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्ता केंद्राला पत्र पाठवून आपल्या आश्रमातून पेटी आपण केव्हाच घालवली असल्याचे कळवले होते. त्यामुळे ही बंदी म्हणजे एखाद्या परक्या अधिकाऱ्याची लहर होती, असे म्हणता येत नाही. आपल्याकडील अनेक विचारवंतांचेही मत तिच्या बाजूचे होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे माहिती आणि नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे तर पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते, पण त्यांच्याही कारकिर्दीत पेटीला दार उघडले नाही.

विरोधकांचे म्हणणे सांगीतिक दृष्ट्या पोकळ नव्हते. पेटीच्या एका सप्तकात बारा पट्ट्या असतात आणि त्यांचे स्वर कारखान्यातच ठरून जातात. दरबारी कानड्यातला आंदोलित गांधार आणि भीमपलासीतला गांधार हे दोन्ही कोमलच म्हटले जातात, तरी गवई ते एका जागी लावत नाही; पेटीवर मात्र त्या दोघांना एकच पट्टी मिळते. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची मींड या वाद्यावर निघत नाही. हे सारे मान्य करूनही बंदी चुकीची होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे पेटी नाट्यसंगीताबरोबर वाढली, गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाने तिला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि ज्या थोर गवयांच्या स्वरशुद्धतेबद्दल कोणालाही शंका नव्हती ते पेटीची साथ घेऊनच गात होते. कोणत्या वाद्याबरोबर गावे, हे गाणाऱ्याने ठरवायचे असते. त्यावर कचेरीतून हुकूम निघाला आणि आपल्या आजोबांसारखे अनेक साथीदार आपल्या काळातील सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गाला मुकले, ही हानी भरून येण्यासारखी नाही.

मात्र याच बंदीचा एक लाभही झाला, आणि तो नोंदवलाच पाहिजे. पेटी नाही म्हटल्यावर गायनाच्या साथीला प्रत्येक केंद्राला सारंगिये लागले. संस्थाने मावळत होती, कोठ्यांवरचे गाणे संपत आले होते आणि मैफलीत पेटीने सारंगीची जागा घेतली होती. अशा काळात नियमित पगारावर सारंगीवादक नेमणारी आकाशवाणीसारखी दुसरी संस्था देशात क्वचितच असेल. पुढे सारंगीला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून देणारे पंडित रामनारायण हे १९४४ मध्ये लाहोर केंद्रावर साथीदार म्हणूनच लागले होते. १९७० नंतर संगतीपुरती पेटीवरील बंदी शिथिल झाली, तरी स्वतंत्र वादनावरचे बंधन त्यानंतरही बराच काळ राहिले. बावीस श्रुतींची (सप्तकातील बारा स्वरांहून सूक्ष्म स्वरस्थानांची) हार्मोनियम तयार करणारे डॉ. विद्याधर ओक यांचे काम पाहिले, म्हणजे स्थिर पट्ट्यांच्या ज्या आक्षेपावर ही मनाई उभी होती, त्याला या वाद्याच्या रचनेतूनच उत्तर शोधले जात असल्याचे दिसते.

सकाळी भैरव आणि रात्री मालकंस हा नियम आकाशवाणी अजून पाळते. आता हवे ते हव्या त्या वेळी ऐकता येत असताना या नियमाचा काही उपयोग आहे का? (एक वाचिका, नाशिक)

आपल्या प्रश्नाच्या मुळाशी रागसमयाचा सिद्धांत आहे, म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी त्याची जी मांडणी केली तिच्यानुसार पहाटे व संध्याकाळी, म्हणजे संधिप्रकाशाच्या वेळी, कोमल ऋषभाचे राग येतात, त्यानंतर शुद्ध ऋषभ-धैवतांचे आणि त्यानंतर कोमल गांधार-निषादांचे. मध्यम हा वाट दाखवणारा स्वर मानला आहे: शुद्ध मध्यमाचे प्राबल्य असलेला भैरव सकाळचा, तर तीव्र मध्यमाचा पूरिया धनाश्री संध्याकाळचा. या मांडणीला अपवाद पुष्कळ आहेत. तोडीत तीव्र मध्यम असूनही ती सकाळीच गातात, आणि कर्नाटक संगीतात वेळेचे बंधन इतके कडक मानले जात नाही. म्हणून हा सृष्टीचा अटळ नियम आहे असा दावा मी करणार नाही. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या ऐकण्यातून मुरलेला संस्कार आहे.

परंतु हा संस्कार टिकून राहण्यासाठी राग त्या त्या वेळी कानांवर पडावा लागतो, आणि तो कोठे पडतो, याचा विचार करावा. जाहीर मैफली बहुधा संध्याकाळी होतात. त्यामुळे यमन, पूरिया धनाश्री, मारुबिहाग असे राग वारंवार ऐकायला मिळतात. शुद्ध सारंग, गौड सारंग, पटदीप, मुलतानी हे दुपारचे राग मात्र तिकीट काढून ऐकण्याचा योग क्वचितच येतो. रात्रीच्या बाबतीत तर परिस्थिती याहून बिकट झाली आहे. पुण्यात १९५३ मध्ये सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात एके काळी रात्रभर गाणे चाले आणि भैरवी होईपर्यंत उजाडत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. नियमामागील हेतू योग्यच आहे, परंतु त्यामुळे मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित हे आपापल्या वेळी ऐकण्याची सोय सार्वजनिक मैफलीतून जवळजवळ नाहीशी झाली.

आता ही सोय मुख्यतः रेडिओकडेच उरली आहे. पूर्वी कलावंताला एकाच दिवशी सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन बैठकांसाठी केंद्रावर बोलावीत असत आणि तो समोरासमोर, थेट प्रक्षेपणात गाई. त्या पद्धतीमुळे भर दुपारी, जेवणे आटोपून घरातली माणसे जरा टेकलेली असताना सारंग कानांवर येई. त्यासाठी कोणी वेगळा वेळ काढलेला नसे, राग हा घरातल्या दुपारचाच भाग होऊन जाई. २० जुलै १९५२ रोजी सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने शनिवारची रात्र अशीच बांधून टाकली होती. दीड तासाचे सलग गायन किंवा वादन एकाच वेळी सबंध देशात ऐकले जात होते. २६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची ‘रागम्’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी सुरू आहे आणि तिच्यावर हिंदुस्थानी व कर्नाटक ही दोन्ही अंगे ऐकायला मिळतात. मोबाइलवर आपण आपल्याला माहीत असलेलाच राग शोधतो, पण दुपारी दोन वाजता आपण होऊन गौड सारंग शोधणारा श्रोता विरळा. तो न शोधता भेटावा, यासाठीच हा नियम पाळायचा असतो, आणि म्हणून आकाशवाणीने तो कधीही सोडू नये असे मला मनापासून वाटते.

माझी मुलगी ख्याल शिकते. तिच्या गुरूंनी आकाशवाणीची चाचणी देण्यास सुचवले आहे. ‘बी’, ‘बी हाय’ म्हणजे काय, आणि तयारी कशी करावी? (एक पालक, सोलापूर)

आकाशवाणीवरील कलावंतांच्या ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा चढत्या श्रेणी आहेत. पहिली चाचणी आपल्या केंद्राच्या पातळीवर होते; वरच्या श्रेणींचा निर्णय दिल्लीतील संगीत श्रवण मंडळ ध्वनिमुद्रण ऐकून करते. परीक्षकांना उमेदवाराचे नाव कळू न देता केवळ गाणे ऐकायचे, हे या पद्धतीचे मुख्य तत्त्व आहे. केसकरांच्या काळात ती सर्वांना लागू झाली तेव्हा नावारूपाला आलेल्या कलावंतांना आपली परीक्षा घेतली जाणे अपमानाचे वाटले, आणि चाचण्यांच्या कामाशी निगडित असलेले पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या विद्वानालाही मोठा रोष सहन करावा लागला. ज्येष्ठांचे दुखावणे मी समजू शकतो. तरीही कोणत्याही घराण्याचा वा ओळखीचा आधार नसलेल्या मुलामुलींसाठी या पद्धतीने जे दार उघडले, त्याचे मोल फार आहे.

तयारीबाबत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: मुलीला अर्ध्या तासाचे गाणे बांधायला शिकवा. तीन-चार मिनिटांच्या जुन्या तबकड्यांत ख्यालाचा फक्त अर्क मावत असे आणि मैफलीत गवई दीड तासही घेऊ शके. अर्ध्या तासात विलंबित आणि द्रुत ख्याल घाई न वाटता पुरा करण्याची शिस्त ही बऱ्याच अंशी रेडिओचीच देणगी आहे. पहिली दहा-बारा मिनिटे आलापीला दिल्यावर बोलअंगाला (बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या विस्ताराला), तानांना आणि द्रुत बंदिशीला किती वेळ उरतो, हे घड्याळ समोर ठेवून महिनाभर गायल्याशिवाय अंगी येत नाही. जे राग यादीत लिहून द्याल त्यांपैकी कोणताही गायला सांगितला जाईल, असे धरून चाला. म्हणून यादी फुगवू नका. तोपर्यंत अनुभवासाठी युववाणीत, म्हणजे आकाशवाणीच्या तरुणांसाठीच्या कार्यक्रमात, गाण्याची संधी मिळते का, याची केंद्रावर चौकशी करावी.

लहानपणी आमच्या गावात दिवसा मुंबई केंद्र खरखरत लागे, रात्री मात्र स्पष्ट ऐकू येई. असे का होत असे? (एक वाचक, चिपळूण)

मुंबईचे ते प्रक्षेपण मध्यम लहरींवरील होते. वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबराचा सर्वांत खालचा थर दिवसा सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि मग याच लहरी त्याहून उंच असलेल्या थरांवरून परत फिरून शेकडो किलोमीटर दूर पोचतात. एफ.एम.च्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यात सरळ जातात, त्यामुळे त्यांची पोच लहान, पण आवाज कितीतरी समृद्ध असतो. मध्यम लहरींवर सुमारे साडेचार हजार हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी बहुतेक गळून जातो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या ज्या जवारीसाठी, म्हणजे घोडीवरून तारेला येणाऱ्या झंकारयुक्त नादासाठी, इतके कष्ट घेतो, तिचे वरचे झंकार या गळून जाणाऱ्या ध्वनीतच असतात. आपण लहानपणी जो तंबोरा ऐकलात तो अर्धामुर्धाच होता, आणि तरीही तो आपल्याला आठवतो.

माझ्या आईने १९७० च्या सुमारास एका केंद्रावर काही वर्षे गायन केले. तिचा आवाज कोठे मिळू शकेल का? (एक वाचिका, बेळगाव)

त्या काळी ध्वनिफीत महाग असल्यामुळे प्रक्षेपण झाल्यावर ती पुसून पुन्हा वापरीत असत, म्हणून फार मोठी आशा दाखवणे योग्य होणार नाही. ज्या ध्वनिफिती जपल्या गेल्या त्यांतल्या थोर कलावंतांच्या काही मुद्रणांच्या तबकड्या आकाशवाणीनेच प्रसिद्ध केल्या आहेत. स्थानिक कलावंतांच्या बाबतीत मात्र बरेचसे नशिबावर अवलंबून असते. तरीही घरातील जुन्या कागदांत केंद्राकडून आलेली करारपत्रे शोधा. त्यांवर कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि बैठक लिहिलेली असते, आणि केवळ नावाने विचारण्यापेक्षा तारखेने विचारले तर केंद्रातील माणसांना शोध घेणे सोपे जाते. नातेवाईक, आईच्या गुरुभगिनी, साथीदारांची मुले यांच्याकडेही विचारा, कारण रेडिओजवळ टेपरेकॉर्डर ठेवून कार्यक्रम उतरवून घेणारे रसिक त्या काळी गावोगाव होते. एखादी फीत मिळालीच, तर ती उत्साहाने घरच्या यंत्रावर लावून पाहू नका. जुनी फीत तुटते, म्हणून तिचे अंकीकरण जाणकाराकडून एकदाच करून घ्या. आणि त्या वेळी सुरुवातीची उद्घोषणा कापू देऊ नका. आपल्या आईचे नाव, राग, ताल आणि साथीदार त्या आवाजात सांगितलेले असतील.