भातकापणीच्या दिवसांत मुंबईजवळ शेतावर पक्षी कुठे बघावेत? फोटोंसाठी 400 मिमीची लेन्स पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीत राहता, खाडीवरचे फ्लेमिंगो बघून झाले, आता कापणीच्या वेळी शेतातले पक्षी बघायचेत. कुठे ते आधी सांगते, कारण ते सोपं आहे. डहाणू लोकल पकडा आणि सफाळे, केळवे रोड किंवा पालघरला उतरून स्टेशनपासून आत चालत सुटा. मध्य रेल्वेवर खडवली, वासिंद, नाहीतर वांगणी, नेरळ. एवढं लांब जायचं नसेल तर आरेतल्या पाड्यांजवळही भाताचे तुकडे आहेत. हळवं (लवकर पिकणारं) भात दसऱ्याच्या आसपास कापतात, गरवं (उशिरा पिकणारं) दिवाळीच्या पुढे-मागे.

माझ्या मामीचं शेत सफाळ्याच्या पुढे आहे. तिथे एका पक्षीग्रुपला मीच घेऊन गेले होते. त्यांचे सर (नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील) पाण्याकाठच्या पक्ष्यांचे जाणकार, त्याबद्दल वाद नाही. पण शेताचं त्यांना शून्य कळत होतं. कापणी चालू होती. मामी आणि चार बायका ओळीने विळे चालवत होत्या आणि त्यांच्या मागे हातभर अंतरावर गायबगळे. विळा पडला की नाकतोडे उडतात, बेडूक बाहेर पडतात, आणि बगळा मान डावी-उजवी हलवत नेम धरून टिपतो. गिळताना गळ्यातून खाली सरकणारा फुगवटा दुर्बिणीशिवाय दिसतो, इतका तो जवळ असतो. बांधावरच्या काठीवर कोतवाल पक्षी. तो स्वतः कष्ट करत नाही, बगळ्याच्या चोचीतून निसटलेला नाकतोडा हवेतच उचलतो. तारेवर वेडे राघू आणि माळभिंगऱ्यांची रांग. हे सगळं त्या बायका काम करतात म्हणून चाललेलं असतं. त्या थांबल्या की दहा मिनिटांत बगळे दुसऱ्या शेतात.

सरांना मात्र लावे हवे होते. कापत कापत शेवटचा पट्टा उरतो, त्यात सगळे दबून बसलेले असतात: लावे, उंदीर, एखादी धामण. सरांनी काय करावं? स्वतः उभ्या भातातून चालत पलीकडे गेले. पिकलेल्या गरव्या भाताची लोंबी मांडीला नुसती घासली तरी दाणे गळतात. पायाखाली गेलं ते वेगळंच. वर मामीला म्हणाले, बायकांना त्या टोकाने ओरडत यायला सांगा, पक्षी आमच्या दिशेने उठले पाहिजेत. सरळ शब्दांत सांगायचं तर शिकारीत सावज उठवायला घालतात तसा हाका. त्यासाठी पाचशे रुपये पुढे केले.

मामीने विळा खाली ठेवलासुद्धा नाही. म्हणाली, "भाऊ, वर आभाळ बघा. भात भिजून आडवं झालं तर दोन दिवसांत मोड येतील. ते तुमच्या पाचशात भरून निघतील का?" मग त्यांना बांधावरच्या सागाखाली बसायला सांगितलं आणि पुढे कापायला लागली. तिची रीत अशी की ओहोळाच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करायची आणि ओहोळाकडे सरकत जायचं. चारी बाजूंनी आत यायचं नाही. त्यामुळे जे दबून बसलेलं असतं त्याला झुडपात निघून जायला वाट राहते. हे तिला कुठल्या शिबिरात शिकवलेलं नाही. सासूने दाखवलं, का ते सांगितलं नाही. लावे उठले, भर्रकन ओहोळात गेले, सरांच्या कॅमेऱ्यात नुसती शेपटाकडची बाजू आली.

परतीच्या लोकलमध्ये सर म्हणाले, "शेतकऱ्यांना पक्ष्यांची किंमत नसते, त्यांना शिकवावं लागतं." मी तेव्हाही सोडलं नाही आणि आजही ग्रुपवर ते हेच लिहितात तेव्हा सोडत नाही. दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. नेमके भाताचे दिवस. त्या आठवड्यात हे लोक खाडीवर जाऊन भाषणं देतात आणि शेताला "नुसती खाण्याची जागा" म्हणतात. अहो, पक्षी दुसरं काय करायला येतो कुठे?

असो, तुमच्या कामाचं सांगते. कापणीच्या दिवशी बगळे आणि कोतवाल. खरी मजा त्यानंतर. कापलेलं भात दोन-तीन दिवस शेतातच आडवं वाळत पडतं. आडोसा गेल्यामुळे उंदीर उघडे पडतात, मग कापशी घार येते. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि पाय खाली सोडून उतरते. तारेवर नीलपंख, बाभळीवर खाटीक पक्षी. भारे खळ्यावर गेले की सांडलेल्या दाण्यांवर होले, मुनिया, चंडोल, आणि शेतातल्या धसकटांत धोबी पक्षी व तीरचिमण्या. पुढे वालासाठी नांगर फिरला की बगळे पुन्हा हजर. संध्याकाळी थांबलात तर खळ्याजवळ पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, नक्की. गव्हाणी घुबड दिसलं तर फोटो टाका, जागा टाकू नका. दिवाळीत जादूटोण्यासाठी घुबडांच्या मागे कोण फिरतं हे तुम्हाला सांगायला नको.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सर येऊन खाली लिहितील. सगळे शेतकरी मामीसारखे नसतात. मुनियांसाठी जाळी लावणारे आहेत, त्यात पक्षी अडकून मरतात. मामीही दाणा भरताना पहाटे पत्र्याचा डबा बडवते, मी बघितलंय. आणि सगळे फोटोवाले सरांसारखे नसतात. त्याच ग्रुपमधली एक मुलगी दुपारभर कापलेल्या भाताच्या मुठी बांधू लागली आणि तिलाच सगळ्यात जवळून कापशी मिळाली.

सापांचं विसरले. पेंढ्यांच्या ढिगाखाली घोणस असू शकते, हात घालू नका, चपलेवर जाऊ नका, बूट हवेत. चालायचं ते बांधावरून, तेही विचारून. खळ्यावर गेलात तर पाणी विचारतील, नाही म्हणू नका.

400 पुरते. बांधावर गप्प बसणाऱ्याला त्याहून कमीही पुरते. सफाळ्याला यायचं असेल तर दिवाळी आणि तुळशीच्या लग्नाच्या मधले दिवस धरा, मला इथे निरोप टाका, मामीला विचारून सांगते. फक्त त्या सरांच्या ग्रुपबरोबर येणार असाल तर वासिंदला जा.