हृदयविकार आणि नॅनो तंत्रज्ञान: वाचकांचे प्रश्न

आईच्या छातीत दुखू लागल्यावर तासाभरात दवाखान्यात नेलं. ट्रोपोनिनच्या कार्डावर एकच रेघ आली, 'गॅस असेल' म्हणून घरी पाठवलं. निर्धास्त राहावं का? (बार्शी)

नाही. कार्डावरची ती लालसर रेघ बहुतेक वेळा सोन्याच्या नॅनोकणांची असते. इतकं बारीक झालेलं सोनं पिवळं न दिसता लाल दिसतं. या कणांवर ट्रोपोनिनला, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणाऱ्या प्रथिनाला, पकडणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. रक्तात ट्रोपोनिन असेल तर कण त्याला धरून पुढे सरकतात आणि 'टी' या चाचणीच्या खुणेपाशी अडकतात. 'सी' या दुसऱ्या खुणेची रेघ फक्त कार्ड नीट चाललं एवढंच सांगते. पण हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी रक्तातलं ट्रोपोनिन वाढायला तीन-चार तास लागू शकतात. म्हणून पहिल्या तासात 'टी' कोरी राहिली, यावरून अ‍ॅटॅक नाही असं ठरवता येत नाही. ईसीजी लगेच हवा आणि ट्रोपोनिन काही तासांनी पुन्हा करायला हवं. फिकट रेघसुद्धा रेघच धरायची. आईंना आजच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. पुन्हा दुखलं तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

वडिलांना बायपास सांगितली आहे. 'नॅनो थेंबांनी ब्लॉकेज विरघळतात' असा मेसेज आलाय. थोडं थांबावं का? (सांगली)

कृपा करून थांबू नका. असे थेंब अस्तित्वात नाहीत. संशोधन मात्र खरं आहे. 2020 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांतून प्लाकमधल्या (रक्तवाहिनीत साचलेल्या चरबीच्या थरातल्या) भक्षक पेशींपर्यंत औषध पोचवलं. त्या पेशी मेलेल्या पेशींचा कचरा खाऊ लागल्या आणि प्लाक कमी झाला. पण तो उंदरांमध्ये. नेदरलँड्समध्ये रुग्णांना लायपोसोममधून (स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांतून) प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं औषध देऊन पाहिलं, तेव्हा औषध प्लाकपर्यंत पोचलं, तिथली सूज काही उतरली नाही. असे मेसेज पाहिले की मला संताप येतो, कारण वाया गेलेले दिवस रुग्णाचे असतात.

स्टेंट पुन्हा बंद झाला. डॉक्टर औषधाचा बलून म्हणतात. (ठाणे)

चांगला पर्याय आहे. सिरोलिमस हे रक्तवाहिनी पुन्हा बंद होऊ न देणारं औषध नुसतं लावलं तर तिच्या भिंतीत सहज मुरत नाही, म्हणून काही बलूनवर ते स्निग्ध वेष्टणातल्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात लावतात. सुरतच्या एका कंपनीचा असा बलून आहे. बलून आत फुगवून काढून घेतात, त्यामुळे धातूचा आणखी एक थर आत राहत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

घराण्यातच कोलेस्टेरॉल आहे. एकाच इंजेक्शनने जनुक बदलतात म्हणे? (पुणे)

प्रयोग चालू आहेत. पीसीएसके9 हे कोलेस्टेरॉल वाढवणारं जनुक बंद करणारं औषध स्निग्ध नॅनोकणांतून यकृतात पोचवतात. 2023 मध्ये पहिल्या थोड्या रुग्णांत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) लक्षणीय उतरलं. पण 2024 मध्ये एका रुग्णाची यकृताची एन्झाइम्स वाढली, प्लेटलेट्स घटल्या आणि त्या औषधाची चाचणी थांबवावी लागली. संशय जनुकबदलापेक्षा नॅनोकणांच्या वेष्टणावर होता, म्हणून कंपनी वेगळं वेष्टण घेऊन पुढे गेली. तोवर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या) चालू ठेवा आणि मुलांचंही लिपिड प्रोफाइल करून घ्या.