माहितीपटाआधी घरातली फाईल उघडा

तासगाव तालुक्यातील एका बेदाणा उत्पादक पालकांचे पत्र आले आहे. त्यांच्या पत्नीचे दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाने निधन झाले. मिरजेतील एका रुग्णालयात केमोथेरपीच्या चार फेऱ्या झाल्या आणि प्रकृती खालावल्यावर उपचार थांबवले गेले. शेवटचे तीन आठवडे एका नातेवाइकाने आणलेला काढा सुरू होता. मुलगी सांगलीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असून तिचा विषय वनस्पतिशास्त्र आहे. केमोमुळेच आई गेली आणि काढा आधी मिळाला असता तर ती वाचली असती, अशी तिची धारणा आहे. तिने जुना कॅमेरा विकत घेतला असून जत आणि आटपाडी भागातील तीन जडीबुटीवाल्यांचे चित्रीकरणही केले आहे. पर्यायी उपचारांवर स्वतंत्रपणे माहितीपट करायचे, असे ती म्हणते. वडिलांची इच्छा आहे की तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, चालून आलेले स्थळ पाहावे आणि "हा नाद सोडावा, हे तुम्हीच तिला समजावून सांगावे."

सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन पानी पत्रात मुलीच्या गुणांविषयी एक ओळ आहे आणि तिच्या लग्नाविषयी पाच. मी ज्या वाक्यापाशी थांबले, ते मात्र शेवटच्या पानाच्या तळाशी, सहीच्या अगदी वर आहे: "केमो द्यायचा निर्णय माझा होता, पण आता ते उकरून काय उपयोग?" माझ्या मते आपले सगळे पत्र या एका वाक्यासाठी लिहिले गेले आहे. आपली मुलगी जो माहितीपट करू पाहते आहे, त्यात आपले नाव कोठेही येणार नसले तरी तो आपल्याविरुद्धचा निवाडा असेल, ही भीती आपल्याला आतून पोखरते आहे. बँकेची परीक्षा आणि स्थळ हे दोन्ही त्या भीतीवरचे उपाय म्हणून पुढे आले आहेत. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्या माणसाने शेडवर बेदाणा वाळत असताना दर तीन आठवड्यांनी पत्नीला मिरजेला नेले, त्याने काय सोसले असेल याची मला कल्पना आहे. तरीही स्पष्ट सांगते: मुलीचे दुःख तिच्याकडून काढून घेण्याचे काम मी करणार नाही, आणि ते आपणही करू नये. वर्षश्राद्धाच्या दिवशी ती कोणाशी बोलली नाही, अशी तक्रार आपण केली आहे. त्या दिवशी आपण तिच्याशी काय बोललात, याचा मात्र पत्रात उल्लेख नाही.

घरात त्या आजारपणाची फाईल असेल. बायोप्सीचा अहवाल, स्कॅन, प्रत्येक फेरीनंतरचे रक्ताचे आकडे, सगळे. एका संध्याकाळी ती फाईल मुलीसमोर ठेवा आणि कोणत्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, आजार कितव्या टप्प्यात सापडला, आपल्याला कशाची भीती वाटली, निर्णय घेताना पत्नीशी काय बोलणे झाले, हे तारखेनुसार सांगा. न आठवणारे असेल तेथे आठवत नाही असे म्हणा. त्यानंतर शक्य झाल्यास दोघांनी मिळून एखाद्या कर्करोगतज्ज्ञाची वेळ घ्यावी आणि त्यांच्याकडून ती फाईल समजून घ्यावी. उद्या ती खरोखर माहितीपट करू लागली, तर त्यातले पहिले संशोधन हेच असेल.

आता पुढचा भाग मुलीसाठी आहे. तो तिला वाचायला द्यावा.

"मी कोणताही दावा करत नाही, लोकांचे अनुभव फक्त दाखवते," असे तू बाबांना सांगितलेस. या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि तो प्रामाणिक माणसांनाच अधिक होतो. जडीबुटीवाल्याच्या अंगणात ज्यांना गुण आला तेच तुझ्याशी बोलायला येतात. ज्यांना आला नाही, त्यांतले अनेक जण कॅमेऱ्यासमोर बसायला उरलेले नसतात. त्यामुळे दहाही मुलाखती खऱ्या असल्या तरी माहितीपट खोटा ठरू शकतो. येल विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कर्करोग शरीरात दूरवर पसरलेला नसताना नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांच्या मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट, तर स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक आढळला होता. काढा सुरू झाल्यावर आईच्या तोंडातले व्रण भरले आणि तिने दोन वेळा पेज मागून घेतली, असे बाबांनी लिहिले आहे. ती पेज तू भरवलीस. तो दिवस तुझ्या मनातून जाणार नाही, आणि जाऊही नये. पण केमो थांबल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत तोंडाचे व्रण भरून येतात आणि अन्नाची चवही परतू लागते. नेमका त्याच दिवसांत काढा सुरू झालेला असतो, म्हणून श्रेय त्याला मिळते. तुझ्या आईच्या बाबतीत तसेच झाले असेल, हे मी येथे बसून ठरवू शकत नाही; ते फाईल पाहिलेले डॉक्टर सांगतील. मात्र हा प्रश्न तुझ्या चित्रीकरणात एकदाही आलेला दिसत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असू दे. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या केंद्रीय कायद्यात, ज्या आजारांवर औषध असल्याची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे आणि तिच्यात कर्करोग आहे. जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणा आणि प्रकाश किंवा ध्वनीद्वारे केलेली घोषणाही येते. औषध विकणाऱ्याने प्रवासखर्च दिला, तर तुझा माहितीपट कोणत्या बाजूला पडेल याचा विचार कर. त्या तिघांपैकी कोणाकडून पैसे घेतले असतील तर परत कर.

तू वनस्पतिशास्त्र शिकतेस, याचे मला फार अप्रूप वाटते. आपल्याकडे अंगणात उगवणारी सदाफुली लोक मधुमेहावर वापरत आले. 1950 च्या दशकात कॅनडातील संशोधकांनी ती त्याच कारणासाठी तपासली, तेव्हा साखरेऐवजी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होताना दिसल्या. त्या शोधातून पुढे व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध आले आणि त्याच वनस्पतीतून व्हिनक्रिस्टिनही मिळाले. ही दोन्ही औषधे आजही केमोथेरपीत वापरली जातात. तू ज्या दोन गोष्टींना एकमेकींच्या शत्रू समजतेस, त्या एका झाडात एकत्र आहेत. लोकांचा समज कोठे चुकला, कोठे जवळ पोहोचला आणि पानापासून इंजेक्शनच्या बाटलीपर्यंत काय काय तपासावे लागले, हे दाखवणारा माहितीपट करायला तुझ्याइतकी योग्य मुलगी मला या जिल्ह्यात सहज सापडणार नाही. आईवरचा माहितीपट आताच करू नकोस. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरवून ठेवले आहे, त्यावर कॅमेरा लावून हाती काही नवे लागत नाही.

वाटा थोडक्यात सांगते. पदवी पूर्ण कर. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट आणि दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्थेचे बहुतेक मोठे अभ्यासक्रम आणि मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधील (टिस) माध्यमविषयक पदव्युत्तर शिक्षण पदवीनंतरच आहे, आणि कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता विभाग आहे.

आणि आपल्या दोघांनाही पैशांविषयी: स्वतंत्र माहितीपटावर आपल्याकडे फार थोड्यांचे घर चालते. बहुतेक जण संकलन (एडिटिंग) करतात, लग्नाचे चित्रीकरण करतात, संस्थांसाठी छोटे चित्रपट बनवतात किंवा शिकवतात, आणि उरलेल्या वेळात स्वतःचे काम करतात. म्हणून संकलन नीट शिकणे हा पोटाचा आधार आहे. बाबांनी दोन वर्षांची मुदत द्यावी, त्या काळात स्थळाचा विषय काढू नये आणि मुलीने त्यांना महिन्याचा हिशेब दाखवावा. बँकेची परीक्षा तिने स्वतःहून द्यायची म्हटली तर द्यावी. दुःखावरचा उतारा म्हणून नको.

पुढचे पत्र मुलीकडून यावे. ज्यांना गुण आला नाही अशा एका तरी कुटुंबाचा पत्ता त्या तिघांपैकी कोण देतो, एवढेच तिने मला त्यात कळवावे.