अमेरिकेत युनियनमधून इलेक्ट्रिशियन व्हायचं तर सुरुवात कुठून करावी?
आयबीईडब्ल्यू ही युनियन आणि नेका ही कंत्राटदारांची संघटना मिळून चालवतात त्या स्थानिक प्रशिक्षण समितीकडे थेट अर्ज करा. इमारतींच्या वायरिंगचं शिक्षण बहुतेक ठिकाणी ५ वर्षांचं, कामावरचे सुमारे ८,००० तास आणि शिवाय वर्ग. पगार पहिल्या दिवसापासून मिळतो, जर्नीमनच्या (शिक्षण पूर्ण केलेल्या कुशल इलेक्ट्रिशियनच्या) दराच्या ठरावीक टक्क्यांनी, आणि टप्प्याटप्प्याने वाढतो.

गाडी अडते ती बीजगणितावर. शाळेत वर्षभर बीजगणित शिकून उत्तीर्ण झाल्याचा पुरावा सहसा मागतात, मग गणित आणि वाचन-आकलनाची परीक्षा, तीही कॅल्क्युलेटरशिवाय. समीकरणं, अपूर्णांक, आलेख घड्याळ लावून हाताने सोडवा. पुढे मुलाखतीच्या गुणांवर यादीतला क्रम लागतो, तेव्हा तिची तयारी खरंच मनापासून करा. नंबर लागेपर्यंत त्याच लोकलकडे (युनियनच्या स्थानिक शाखेकडे) मदतनीसाचं काम विचारा.