वाचकांचे प्रश्न : एका अक्षराची दुरुस्ती

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत संगणक शिकवते. आमच्याकडे एक मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत 'सेपरेट' या शब्दाचे स्पेलिंग तीन ठिकाणी चुकले आहे. मधल्या 'ए'च्या जागी 'ई' पडला आहे. मराठी मेनूतही 'दुसऱ्या खिडकीत उघडा' असे हवे तिथे 'दुसर्या' असे दिसते आणि मुले ते तसेच वहीत उतरवतात. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी परक्या लोकांचा वेळ घ्यावा का?
– एक शिक्षिका, सेलू (जि. परभणी)

उत्तर : अवश्य घ्यावा. जी चूक मुलांच्या वहीत उतरते तिला लहान म्हणता येणार नाही. शिवाय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची नजर स्वतःच्या मजकुरावरून इतक्या वेळा फिरलेली असते की त्यांना ती दिसेनाशी होते. नव्याने वाचणाऱ्याला मात्र ती चटकन खटकते. प्रोग्रॅमिंगची गरज नाही. प्रकल्प गिटहबवर, म्हणजे प्रकल्पांच्या फाइली ठेवण्याच्या संकेतस्थळावर, असेल, तर खाते उघडून त्या फाइलवरील पेन्सिलीच्या चिन्हावर क्लिक करावे आणि ब्राउझरमध्येच शब्द बदलावा. तो बदल 'पुल रिक्वेस्ट' म्हणजे तो स्वीकारण्याची विनंती म्हणून प्रकल्प सांभाळणाऱ्यांकडे जातो. त्याआधी फाइलची ताजी प्रत पाहून घ्यावी, कारण पुष्कळदा चूक तिथे आधीच सुधारलेली असते. तिन्ही ठिकाणचे बदल एकाच विनंतीत पाठवावेत.

खरी काळजी घ्यायची ती चुकीचे मूळ शोधण्याची. पुस्तिकेची पाने बहुधा दुसऱ्याच साध्या मजकुराच्या फाइलींतून, कधी कधी तर कोडमधल्या टिपांतून, आपोआप तयार होतात. तयार पानावर केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. मेनूतले इंग्रजी वाक्य तर त्याहून नाजूक असते. अनेक प्रकल्प भाषांतरासाठी 'गेटटेक्स्ट' ही पद्धत वापरतात आणि तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची खूण असते. त्या वाक्यात एक अक्षर बदलले तरी सगळ्या भाषांतली त्याची भाषांतरे संशयित ठरतात आणि कोणी तपासून मान्य करेपर्यंत वापरणाऱ्याला पुन्हा इंग्रजीच दिसते. म्हणून असा बदल करू नये असे नाही, पण तो मेनूतला आहे हे विनंतीत स्पष्ट लिहावे.

आपली मराठी चूक मला अधिक जिव्हाळ्याची वाटते. 'दुसऱ्या'मधला 'ऱ' हे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणकात, स्वतंत्र अक्षर आहे. त्याचा सांकेतांक ०९३१ असून इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्ट आणि 'जे' दाबून उमटतो. साधा 'र' वापरला की 'य'वर रफार चढतो. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना, हा फरक आपण वर्गात शिकवतोच. मात्र अशा सगळ्या चुका एका झटक्यात बदलण्याच्या मोहात पडू नये, कारण त्याच मेनूत 'पर्याय' हा शब्दही असतो आणि तिथला रफार योग्यच आहे. प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहूनच बदलावी. लिबरऑफिसचे भाषांतर वेबलेट या आणि फायरफॉक्सचे पॉन्टून या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालते. तिथे आपण केवळ सूचना नोंदवली तरी चालते. ती स्वीकारण्याचे काम मराठी गटातले जाणते लोक करतात.

पाठवताना तेवढेच बदलावे, सोबत वाक्यरचना सुधारू नये. हे तारतम्य आपल्या मराठवाड्यानेच शिकवले आहे: पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, नकला करताना शिरलेले अपपाठ काढले आणि तिच्यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवतो, असे बजावले. याची उलटी बाजू २०२० च्या ऑक्टोबरात दिसली. 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात टी-शर्ट मिळतो म्हणून असंख्य लोकांनी निरर्थक बदल पाठवले, सांभाळणारे हैराण झाले आणि आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून, इच्छुक प्रकल्पांतल्याच विनंत्या मोजाव्या लागल्या. आपला संकोच त्या गर्दीतला नाही. आपण चूक वाचताना अडखळून शोधली आहे.

प्रश्न : एचटीटीपीची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांची, माहिती देणाऱ्या पानावर 'रेफरर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये मधला एक 'आर' कमी होता. तो मी घातला, तर दुरुस्ती कारण न देता नाकारली गेली. असे का?
– एक विद्यार्थी, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : कारण सांगायला हवे होते, नवख्या माणसाला दोन ओळी लिहिल्या तर तो पुन्हा येतो. पण नकार बरोबर आहे. ब्राउझर ज्या पानावरून आला त्याचा पत्ता सर्व्हरला कळवणाऱ्या हेडरचे, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीचे, हे नाव आहे. ते सुरुवातीलाच चुकीचे लिहिले गेले आणि १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजातही तसेच आले. तोवर ब्राउझर आणि सर्व्हर ते नाव वापरू लागले होते, त्यामुळे आता ती चूक हेच त्याचे नाव आहे आणि दोन 'आर' घातले तर सर्व्हर ते ओळखणार नाही. तो शब्द साध्या वाक्यात आला असेल तर दोन 'आर' हवेतच. कोडच्या टायपात छापलेला असेल तर हात लावू नये. पुढे आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' या हेडरचे स्पेलिंग मात्र शुद्ध ठेवले आहे, त्यामुळे एकाच पानावर आपल्याला दोन्ही रूपे दिसतील आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर असतील.