धर्माच्या इतिहासात करिअर होतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी लालबागला राहते, टीवायबीएला आहे, हिस्टरी घेतलंय. लोकांच्या आयुष्यातली धर्माची जागा कशी बदलत गेली, सेक्युलरायझेशन वगैरे, यावर पुढे रिसर्च करायचाय. बाबा म्हणतात एमपीएससी दे, यात नोकरी कुठेय. आणि आमच्या घरी गणपती असतो, मी सगळं मनापासून करते, मग मी असा अभ्यास करू शकते का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा असल्याने काही अडत नाही गं, फक्त कागद जे सांगेल ते लिहायची तयारी हवी, आपल्याला आवडो न आवडो. कारखाने आले, शहरं वाढली की धर्म हळूहळू मागे पडतो असं बरीच वर्षं मानलं जायचं, पण ब्रिटनचे इतिहासकार कॅलम ब्राउन म्हणाले की तिथे तसं झालंच नाही, धर्माची पकड १९६० च्या दशकापर्यंत टिकली आणि मग एकदम सुटली, त्यातही बायका दूर गेल्या म्हणून. यावर अजून वाद आहेत. आता तुझ्या लालबागकडे बघ, गिरण्यांचे भोंगे जोरात वाजत होते त्याच काळात, १९३४ ला, लालबागचा राजा बसायला लागला. हे कोडं तुझ्या दारातच आहे आणि ते सोडवायला तुझ्याइतकं जवळचं माणूस कुठून मिळणार?

विषय मात्र लहान धर. उदाहरण देते, १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने रजिस्टर लग्न करायचं तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं दोघांना लिहून द्यावं लागायचं. १९२३ मध्ये ही अट हिंदू, बौद्ध, शीख, जैनांसाठी सैल झाली आणि १९५४ च्या कायद्यात गेलीच. मग ज्यांनी सही केली त्यांनी खरंच धर्म सोडला, की लग्नापुरतं लिहिलं आणि घरी देव्हारा तसाच राहिला? एवढ्या एका प्रश्नावर अख्खी पीएचडी होते. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा संग्रह आहे, दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आतापासून जायला लाग, आणि मोडी शीक, मोडी वाचणारे फार थोडे उरलेत.

पैशाचं सरळ सांगते, बाबांची काळजी खोटी नाही. कॉलेजात कायमच्या जागा कमी, बरीच मुलं प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट-सेट परीक्षा पास होऊनही वर्षानुवर्षं सीएचबीवर तासांचे पैसे घेत शिकवतात, याचा मला फार त्रास होतो. पण नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते, तेव्हा बाबांकडून एमएची दोन वर्षं मागून घे, जेआरएफ आली तर पुढे जा, नाही आली तरी एमपीएससीचं वय काही निघून जात नाही.