वाचकांचे प्रश्न : बाकाऐवजी बस

प्रश्न : ताई, नमस्कार. मी लालबागला राहतो, वय ६३. आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप रोज सकाळी भायखळ्याच्या राणीच्या बागेत फिरायला जातो. माझे वडील गिरणी कामगार होते. रविवारी सुट्टी असली की आम्हा चौघा भावंडांना ते या बागेत घेऊन यायचे, हत्तीवर बसवायचे. गेल्या दिवाळीत ते गेले. त्यांच्या नावाने बागेत काहीतरी करावं असं फार मनात आहे. ग्रुपने मिळून ४० हजार रुपये जमवलेत, पण एकमत होत नाही. कोणी म्हणतं नावाची पाटी लावून बाक देऊ, कोणी म्हणतं पक्ष्यांना रोज दाणे टाकू, तर कोणी पावसाळ्यात ५० रोपं लावू म्हणतं. तुम्ही काय सुचवाल?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : भाऊ, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. परळच्या शाळेत मी २८ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील गिरणीत होते. ‘रविवारी कुठे गेला होतात?’ म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, राणीची बाग. त्यामुळे तुमचे बाबा मला डोळ्यांसमोर दिसले.

आधी दाण्यांचं बोलते, कारण तिथे माझा स्पष्ट नकार आहे. ही बाग म्हणजे प्राणिसंग्रहालयही आहे आणि प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना खायला घालणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पक्ष्यांसाठी म्हणून दाणे टाकले तरी त्यावर तुटून पडतात ती कबुतरंच. त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून आत जाते आणि काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करते. तुमच्या ग्रुपमधले सगळे साठीच्या पुढचे असतील, तेव्हा हे मनावर घ्याच. बुलबुलाला, तांबटाला आपल्या दाण्यांची गरज नाही. बागेतले वड, पिंपळ, उंबर फळले की त्यांची पंगत आपोआप बसते.

रोपांचं सांगायचं तर मीही एकदा त्या उत्साहात होते. दुसऱ्या एका जागी आम्ही ४० रोपं लावली, नारळ फोडला, फोटो काढले. पाण्याची जबाबदारी ज्यांनी घेतली होती ते पुढे फिरकले नाहीत. होळीपर्यंत सहा रोपं उरली. त्या वाळक्या काड्या मी स्वतः उपटून काढल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगते. राणीच्या बागेत झाडांची वानवा नाही. २८० च्या वर जाती आहेत तिथे, कित्येक झाडांनी शंभरी कधीच ओलांडली आहे. वानवा आहे ती त्यांच्याकडे थांबून बघणाऱ्यांची.

बाक वाईट नाही. पण भाऊ, तुमच्या वडिलांनी तुम्हाला बसायला जागा दिली नव्हती, मुलांना बोट धरून बाग दाखवायला आणलं होतं. तेच पुढे चालवा. जी मुलं एरवी तिथे पोचत नाहीत त्यांना तुम्ही घेऊन या.

कोणती मुलं, तेही सांगते. निवृत्त झाल्यावर मी बागेत झाडांची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या घेऊ लागले. एका जानेवारीत दृष्टिहीन मुलींच्या शाळेतून १४ जणी आल्या. मी आदल्या रात्री झोपले नव्हते. झाड दाखवायचं म्हणजे काय करायचं यांना? शेवटी ठरवलं की आज बोलायचं कमी आणि हात लावायचा जास्त.

पहिली गोरख चिंच. हे मूळचं आफ्रिकेतलं झाड. खोड पिंपासारखं फुगलेलं आणि त्या दिवसांत अंगावर पान नाही. एका मुलीने दोन्ही तळवे खोडाला लावले, मग गाल टेकवला. म्हणाली, ‘ताई, याला पोट आहे.’ मग सगळ्यांनी हातात हात धरून खोडाला वेढा घातला. सात जणींनी तो पुरा झाला आणि उरलेल्या सात जणींनी ‘आता आम्ही’ म्हणून पुन्हा मोजलं.

पुढे कैलासपती. त्याची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून लोंबणाऱ्या दांड्यांवर येतात. खाली पडलेलं ताजं फूल मी एकीच्या ओंजळीत ठेवलं. जाड, मांसल पाकळ्या. मधे पुंकेसरांचा गोल गालिचा आणि त्यावर दुमडून आलेला भाग. आपण डोळस माणसं त्याला नागाचा फणा म्हणतो, आतल्या भागाला पिंड म्हणतो. तिने बोट आत घातलं आणि म्हणाली, ‘आईच्या कंगव्यासारखं आहे, पण मऊ.’ इतकी वर्षं मी ते फूल वर्गात शिकवलं, पण त्या वरच्या भागाचे दाते मला तिच्या बोटांनी दाखवले. परत जाताना तिने ते फूल रुमालात गुंडाळून घेतलं. बसमध्ये सगळीभर त्याचा वास होता, असं त्यांच्या बाईंनी नंतर फोनवर सांगितलं.

तर तुमचे ४० हजार या बसवर खर्च करा. बाग पाहण्यातला मोठा अडसर बसचा असतो. तिकिटाचाही थोडा आहेच. २०१७ मध्ये मोठ्या माणसाचं तिकीट ५ रुपयांवरून एकदम ५० झालं आणि हातावर पोट असलेल्या घरांना ते जाणवलं. दृष्टिहीन मुलांची शाळा, वृद्धाश्रम, बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांचं पाळणाघर, यांपैकी जे तुमच्या ओळखीचं असेल तिथून सुरुवात करा. बागेच्या कार्यालयात आधी लेखी पत्र द्या, तारीख आणि माणसं किती ते लिहा. बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते. एका वेळी १५ च्या वर मुलं आणू नका आणि दोन मुलांमागे तुमच्यातला एक जण ठेवा. एवढ्या सगळ्यांचे हात तुमच्या ग्रुपकडे आयतेच आहेत. ही फार मोठी श्रीमंती आहे, भाऊ. पैसे देणारे मला पुष्कळ भेटले. सकाळचे तीन तास देणारे मोजकेच.

खाऊ जरूर द्या, पण बागेत नको, परतीच्या बसमध्ये द्या. प्लास्टिकची पिशवी उडून पिंजऱ्यात गेली की प्राण्याच्या पोटात जाते.

आणखी एक, तुमच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवा. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ही बाग सुरू झाली, ती लोकांच्याच खटपटीतून. शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी वर्गणी गोळा केली. आणि २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करायची योजना आली, तेव्हा ही झाडं वाचवायला पुढे आले ते साधे नागरिक, त्यातही बहुतेक बायका. त्यांनी ऊन-पावसात फिरून एकेका झाडाची नोंद केली. आज मी मुलींना जी झाडं दाखवते ती त्यांच्यामुळे उभी आहेत. तुम्ही त्याच रांगेत उभे राहताय.

बाबांचं नाव कुठे लावू, असं तुम्ही विचाराल. पहिल्या फेरीच्या दिवशी हत्तीची गोष्ट मुलांना सांगा, त्यांच्या नावासकट.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. अशा फेऱ्यांना मदत करायची इच्छा आहे, पण मला झाडांतलं काही कळत नाही. चालेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालेल, बाळा. पाच झाडं पक्की कर, तेवढी पहिल्या वर्षाला पुरतात. गोरख चिंच आणि कैलासपती वर आलेच आहेत. तिसरा अर्जुन, त्याच्या खोडाला हात लाव, इतकं गुळगुळीत खोड क्वचित मिळतं, आणि फळाला पाच पंख असतात ते बोटांनी मोजता येतात. चौथा सीताअशोक. त्याची कोवळी पालवी तांबूस आणि ओल्या फडक्यासारखी लुळी लोंबते. पाचवी बकुळ. तिची फुलं सुकली तरी वास जात नाही, म्हणून मी पर्सच्या आतल्या कप्प्यात एक पुडी ठेवते. मुलं दमली, कंटाळली की ती उघडायची.

उर्वशी मुद्दाम सांगितली नाही. ब्रह्मदेशातून आलेलं ते झाड फुललं की लाल फुलांची झुंबरं खाली लोंबतात. ती तू स्वतः शोध. फुलांचे दिवस उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. सापडली नाही तर बागेतल्या माळीकाकांना विचार, आणि नमस्कार करून विचार. त्यांना प्रत्येक झाड ठाऊक असतं, पण त्यांना कोणी विचारत नाही.